रेल्वेलाइनवरची लग्नं

माझी फुई, म्हणजे माझ्या वडलांची, नानांची, थोरली बहीण, आमच्या भाऊबंदकीतल्या चारच लग्नांना आली. एक अमळनेरचं, एक धरणगावचं, एक दोंडाईच्याचं आणि चौथं माझं, जळगावला. शिरपूरला ती आली नाही, चोपड्याला नाही, पारोळ्याला नाही, साक्रीला तर नाहीच. सख्ख्या भाचीच्या हळदीला आली नाही म्हणून माझ्या काकूने दोन वर्षं तिच्याशी बोलणं टाकलं होतं. नंदुरबारच्या मिरचीचा पैसा डोक्यात गेला, असं बायका म्हणायच्या. फुई अंगाने भरलेली होती, त्यामुळे दुसरं वाक्य तयारच असायचं: दिवसभर बसून खाते आणि निघायच्या वेळी पोट धरते.

त्या चार गावांचं गणित मला सुटलं ते चाळिशी ओलांडल्यावर. चारही गावं सुरत-भुसावळ लाइनवर आहेत. नंदुरबारला पॅसेंजरमध्ये बसलं की थेट उतरायचं. पॅसेंजरच्या डब्यात संडास असतो. एसटीत नसतो.

हे गणित कोणी सांगून कळत नाही. त्यासाठी स्वतःला तसं पोट असावं लागतं. मी अमळनेरला राहते आणि जळगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. पूर्वी एसटीने जायचे. गेली काही वर्षं रेल्वेगाडीनेच जाते, आणि गाडीतही दाराजवळची जागा धरते. खिडकी मिळाली तरी सोडते.

माझं सुरू झालं ते २०१८ च्या मे महिन्यात, एका लग्नाच्या पंगतीनंतर. पारा पंचेचाळिशीला टेकलेला, मठ्ठ्याचं पिंप मांडवाच्या कडेला उन्हातच. त्या रात्री आमच्या पाहुण्यांपैकी वीसेक जणांना जुलाब लागले. मला दोन सलाइनच्या बाटल्या लावाव्या लागल्या. माझ्या नवऱ्यानेही तोच मठ्ठा प्यायला होता. तो तिसऱ्या दिवशी शेतात गेला. मी पाचव्या दिवशी उठले, ताप गेला, अन्न जायला लागलं, पण पोट पहिल्यासारखं झालं नाही.

म्हणजे काय झालं नाही, ते सांगते. पहाटे पाचला उठायचं, कारण सातच्या गाडीआधी तीनदा जाऊन यायचं असतं. बेंबीच्या खाली, डावीकडे, कोणीतरी ओली चादर पिळतंय तसा मुरडा येतो. जाऊन आलं की पीळ सुटतो, पण पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही. दहा मिनिटांनी पुन्हा. मग चार दिवस काहीच नाही, पोट फुगून नगारा, साडीची गाठ सैल करून शिकवायचं. नववीच्या वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी असताना कपाळावर घाम यायचा, हातातला खडू ओला व्हायचा, आणि माझ्या डोक्यात एकच हिशोब चालायचा: वर्ग ते स्टाफरूमच्या मागचा संडास, एकोणचाळीस पावलं.

तपासण्या सगळ्या झाल्या. सोनोग्राफी, रक्त, शौच, शेवटी दुर्बीण. एका मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी फाइल मिटली आणि म्हणाले, "सगळं नॉर्मल आहे मॅडम. टेन्शन घेऊ नका. आणि वजन कमी करा." तेव्हा माझी उंची पाच फूट एक इंच आणि वजन ७६ किलो होतं. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, साडेएकतीसच्या वर, आपल्या देशात २५ पासूनच लठ्ठपणा धरतात. वजनाचं त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण त्या तीन वाक्यांतून मला जे ऐकू आलं ते फुईच्या कानांवर आयुष्यभर पडत आलेलंच होतं. तुझं दुखणं खरं नाही, आणि जे खरं आहे ते तू खाऊन ओढवून घेतलंस.

दुखण्याला नाव मिळालं ते दुसऱ्या डॉक्टरांकडे: इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, आयबीएस. त्यांनी आधी तासभर ऐकून घेतलं. ते म्हणाले, हा आजार यंत्रात दिसत नाही, तो रोग्याच्या बोलण्यातून ओळखायचा असतो. त्याचे नियमही ठरलेले आहेत. गेले तीन महिने आठवड्यातून निदान एक दिवस पोट दुखतं का, ते दुखणं शौचाशी जोडलेलं आहे का, शौचाची वेळ आणि घडण बदलली आहे का, आणि हे सगळं सुरू होऊन सहा महिने तरी झालेत का. शिवाय रक्त जात नाही ना, वजन आपोआप उतरत नाही ना, दुखण्याने रात्री झोपेतून उठावं लागत नाही ना, अंगात रक्त कमी नाही ना, हेही त्यांनी विचारलं. यातलं काही असतं तर त्यांनी वेगळा शोध घेतला असता. आतड्याला खरा व्रण आणि सूज असली की शौचात कॅलप्रोटेक्टिन नावाचं प्रथिन वाढतं, तेही त्यांनी तपासून घेतलं. ते कमी होतं.

"मग सूज नाहीच का?" मी विचारलं.

"दुर्बिणीला दिसेल एवढी नाही," ते म्हणाले. या उत्तरामागे मी पुढची तीन वर्षं लागले.

मठ्ठ्याचा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळत होता. पंगत एक, पिंप एक, मग नवरा सुटला आणि मी का अडकले? त्याचं उत्तर मला कॅनडातल्या वॉकर्टन नावाच्या गावात सापडलं. पाचेक हजार वस्तीचं, आजूबाजूला शेती आणि गुरं असलेलं गाव. मे २००० मध्ये तिथे मोठा पाऊस झाला आणि जवळच्या शेतातलं शेणखत वाहून गावाच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत उतरलं. सुमारे २,३०० माणसं आजारी पडली, सात दगावली. पुढे डॉक्टरांनी त्या गावाचा पाठपुरावा सोडला नाही, आणि मला त्या चिकाटीचं फार मोल वाटतं. दोन-तीन वर्षांनी पाहिलं तर ज्यांना तेव्हा जुलाब झाले होते त्यांच्यातल्या एकतृतीयांशाच्या आसपास लोकांना आयबीएस होता. ज्यांना काही झालं नव्हतं त्यांच्यात दहापैकी एकाला. आठ वर्षांनीही फरक मिटला नव्हता, पंधरा टक्के आणि पाच टक्के.

मग त्यांनी त्या गावकऱ्यांची जनुकं तपासली. २०१० मध्ये तीन जनुकांची नावं पुढे आली. टीएलआर-९ हे जिवाणूंचा डीएनए ओळखणारं, आतड्याच्या वेशीवरचं राखणदार. सीडीएच-१ हे आतड्याच्या अस्तरातल्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणाऱ्या प्रथिनाचं, भिंतीतल्या चुन्यासारखं. आणि तिसरं आयएल-६. हा दाहाचा निरोप. शरीरात कुठे काही बिघडलं की पेशी हा निरोप रक्तात सोडतात आणि रोगाशी लढणाऱ्या पेशींचं सगळं सैन्य जागं होतं. या तीन जागांवर ज्यांच्या जनुकातलं डीएनएचं एखादं अक्षर वेगळं होतं, त्यांच्यात जुलाबानंतर पोट बिघडलेलंच राहण्याची शक्यता जास्त होती.

ते वाचलं त्या रात्री मी बराच वेळ ओट्यावर बसून होते. राखणदार जास्त भित्रा, भिंत जराशी पोकळ, निरोप्या जास्त मोठ्याने ओरडणारा. चोर निघून गेल्यावरही ज्या घरात कोणाला झोप लागत नाही, तसं माझं आतडं. यात मी काय चुकीचं केलं होतं?

वर्गात आनुवंशिकतेचा धडा शिकवताना आम्ही मेंडेलची वाटाण्याची झाडं सांगतो. उंच किंवा बुटकं, पिवळं किंवा हिरवं. मुलांना ते आवडतं, कारण उत्तर ठाम असतं. पोटाचं तसं नाही. दोन माणसांच्या जनुकसंचात हजारातलं साधारण एक अक्षर वेगळं असतं, आणि संच तीन अब्ज अक्षरांचा. म्हणजे फरकही लाखांत. त्यातला प्रत्येक फरक किंचित ढकलतो, पुरता पाडत नाही. २०२१ मध्ये ५३,४०० आयबीएसचे रुग्ण आणि सव्वाचार लाखांहून जास्त इतर माणसं यांची तुलना झाली, तेव्हा जनुकसंचातल्या सहा जागा पक्क्या सापडल्या. त्यातल्या बऱ्याच जागांवरची जनुकं पोटाची नव्हती, मज्जातंतूंची होती. शिवाय काळजी, नैराश्य यांच्याशी जोडलेली जनुकं आणि ही जनुकं बरीच सामाईक निघाली.

हे वाचून पहिल्यांदा मला धसका बसला. म्हणजे ते डॉक्टर बरोबर होते का, टेन्शनच का? पण अभ्यासकांचं म्हणणं नीट वाचल्यावर जीव खाली पडला. काळजीमुळे पोट बिघडतं किंवा पोटामुळे काळजी लागते, एवढ्यावर ते थांबत नाहीत. मुळाशी असलेली मज्जातंतूंची एकच घडण दोन्हीकडे कल देते. मेंदूतही तीच तार आणि आतड्यातही तीच. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली जी मी दर पालकसभेत सांगते: लहानपणी वारंवार अँटिबायोटिक घेतलेल्यांत हा आजार जास्त होता. आपल्याकडे सर्दी-पडशालाही दुकानातून गोळ्या आणून मुलांना देतात. देऊ नका हो.

त्या अभ्यासातली माणसं जवळजवळ सगळी युरोपी वंशाची. आपल्या माणसांची अक्षरं कुठे वेगळी आहेत ते आता कुठे वाचलं जातंय. जीनोम इंडिया प्रकल्पात १०,००० भारतीयांचे जनुकसंच वाचून झाले आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती अभ्यासकांना खुली झाली. आमच्या तापीकाठच्या पोटांबद्दल त्यातून काही निघेल, अशी मी मनापासून वाट पाहते आहे.

आता वजनाबद्दल. हे लिहायला मला जड जातं, पण टाळून चालणार नाही.

चरबी म्हणजे भरून ठेवलेलं तुपाचं मडकं, असंच मीही समजत होते. ती जिवंत असते. शरीरात चरबी कमी असेल तर तिच्यातल्या दहा टक्क्यांहून कमी पेशी सैन्यातल्या असतात, मॅक्रोफेज नावाच्या. लठ्ठ माणसाच्या चरबीत त्या चाळीस टक्क्यांपर्यंत जातात, हे २००३ मध्ये दाखवलं गेलं. एवढं सैन्य एका जागी तळ ठोकून बसलं की ते गप्प बसत नाही. ते निरोप पाठवत राहतं. कोणता निरोप? तोच, आयएल-६. विसावलेल्या माणसाच्या रक्तातला सुमारे एकतृतीयांश आयएल-६ चरबीतून येतो. वॉकर्टनच्या यादीतलं नाव पुन्हा पोटाच्या घेरात सापडलं तेव्हा माझ्या दोन दुखण्यांमधली भिंत पडली. ज्या शरीराचा निरोप्या जन्मतःच मोठ्या आवाजाचा, त्याच्या कमरेशी आणखी हजार निरोपे बसलेले. त्यात आतड्याच्या भिंतीपाशी त्याच सैन्यातल्या मास्ट नावाच्या पेशी आणि मज्जातंतू अगदी खेटून असतात. या पेशींनी सोडलेली द्रव्यं तंतूंना चाळवतात, आणि मग साधा वायूही कळ बनून मेंदूपर्यंत पोहोचतो. प्रत्येक लठ्ठ माणसाला असं होतं असं नाही, आणि आयबीएस कितीतरी सडपातळ माणसांना असतो. पण माझ्यासारखीत हे दोन्ही एकमेकांना हवा घालतात, एवढं मला पटलं आहे.

आमच्याकडे थंडीत शेतात भरीत करतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हा दाह लगेच कळेल. कपाशीच्या काड्यांचा जाळ विझतो, वर राख दिसते. परका माणूस म्हणेल, विस्तव गेला. पण त्या राखेत वांगं पुरलं की ते तासाभरात आतून गळून जातं, साल तशीच राहते. जाळ पाहायला दुर्बीण पुरते, राखेखालची धग तिला दिसत नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचा आणि त्यांच्या इंग्रज मित्राचा, डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. आपली माणसं बारीक दिसतात तेव्हाही आत पोटाशी चरबी धरून असतात. नानांचं उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर आहे. हातपाय काड्यांसारखे, धोतराच्या वर पोट तेवढं पुढे. त्यांना कोणी कधी लठ्ठ म्हटलं नाही. फुईला म्हटलं.

आणि वजनालाही जनुकं आहेतच. एफटीओ या जनुकातला एक फरक २००७ मध्ये सापडला. तो आईकडून आणि वडलांकडून असा दोन्हीकडून आलेली माणसं सरासरी तीन किलोंनी जड असतात, मुख्यतः भूक जास्त लागते म्हणून. पण चालत्या-फिरत्या माणसांत त्याच फरकाचा जोर चौथाईहून जास्त कमी पडतो, हेही पुढे दिसलं. हा दुसरा भाग मला रोज बोरीच्या काठाने चालायला नेतो. दीड वर्षात ७६ चे ६९ झाले. मुरडे गेले नाहीत, पण तीनदाऐवजी एकदा जाऊन भागतं असे दिवस आठवड्यात चार तरी येतात.

खाण्यात मी बदल केले ते डॉक्टरांना विचारून, एकेक करत. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातून आलेली एक पद्धत आहे: आतड्यात न पचता आंबणाऱ्या ठरावीक साखरा चार-सहा आठवडे बंद करायच्या, मग एकेक परत आणून पाहायची. गहू, कांदा, लसूण, डाळी यांत त्या जास्त. ज्वारीत कमी. दादर ज्वारीची भाकरी आमच्या घरात होतीच, गव्हाच्या पोळीच्या नादी आम्ही नंतर लागलो. कळण्याची भाकरी मात्र उडदामुळे सोडावी लागली आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. केळी आमच्या जिल्ह्याची ओळख, पण पूर्ण पिकून ठिपके पडलेलं केळ मला त्रास देतं, जरा कडक असलेलं चालतं. भरीत मी सोडलेलं नाही. कांद्याच्या पातीचा फक्त हिरवा भाग घालते, लसूण तेलात लाल करून काढून टाकते. वास राहतो, साखर तेलात उतरत नाही. रात्री इसबगोल.

मिरचीचं मात्र वेगळं आहे. मिरचीचा तिखटपणा ओळखणारी कडी आपल्या मज्जातंतूंवर असते, टीआरपीव्ही-१. ती शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. लंडनमध्ये आयबीएसच्या रुग्णांच्या आतड्याचे तुकडे तपासले तेव्हा ही कडी असलेले तंतू निरोगी माणसांच्या साडेतीन पट निघाले. ज्या दारावर साडेतीन पट कड्या आहेत तिथे आपला काळा मसाला काय करेल, ते सांगायला नको. शेवभाजीची तर्री मी आता चमचाभर घेते, तीही सुट्टीच्या आदल्या रात्री.

गेल्या पौषात मी नंदुरबारला गेले. गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या लाल पसरल्या होत्या, गाडीतून उतरल्याबरोबर घशाला ठसका लागला. फुई आता एकाहत्तर वर्षांची. ओट्यावर सूप घेऊन घरच्या मसाल्यासाठी मिरचीची देठं खुडत बसली होती. मी शेजारी बसले, दोन मिरच्या खुडल्या आणि सरळ विचारलं, "फुई, तू रेल्वेच्या गावीच लग्नाला का येत होतीस?"

तिचे हात थांबले. बराच वेळ ती माझ्याकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "तुले बी शे का?"

मी मान हलवली.

त्यानंतर ती जे बोलली ते तिने नानांनाही कधी सांगितलं नव्हतं. प्रवासाच्या आदल्या दुपारपासून ती काही खायची नाही. तिच्या नवऱ्याला, फुवांना, ठाऊक होतं, ते गाडीत आधी चढून दाराजवळची जागा रुमाल टाकून धरायचे. चोपड्याच्या लग्नाला ती निघाली होती, खरंच निघाली होती. नवी साडी नेसून नंदुरबारच्या स्टँडपर्यंत गेली, एसटीची मोटार लागलेली पाहिली आणि तिथून परत फिरली. त्याच लग्नावरून काकूने बोलणं टाकलं होतं. "कोनले सांगू वं?" ती म्हणाली. "गाडीमा संडास ऱ्हास. मोटारमा काय शे?"

मी तिला राखणदार, भिंत, निरोप्या हे सगळं सांगितलं. नानांच्या आणि तिच्या रक्तातली काही अक्षरं माझ्यात आली असतील, पण एकाच चुलीवरचं खाल्ल्यानेही घरातली माणसं एकसारखी आजारी पडतात, तेव्हा सगळा भार रक्तावर टाकता येत नाही, हेही सांगितलं. तिने नीट ऐकलं. तिला त्यातलं काय लागलं मला माहीत नाही. पण मी "तुझी चूक नव्हती" म्हणाले तेव्हा तिने पदराने डोळे पुसले, आणि मिरचीचे हात डोळ्यांना लागले म्हणून मला पाणी आणायला धावावं लागलं.

येत्या वैशाखात चोपड्याला काकूच्या नातीचं लग्न आहे. मी फुईला बेत सांगितला. नंदुरबार ते अमळनेर गाडीने. रात्री माझ्याकडे मुक्काम, जेवायला ज्वारीची भाकरी आणि दुधीची भाजी. सकाळी आमच्या घरच्या मोटारगाडीतून निघायचं, घाई नाही, ती म्हणेल तिथे थांबायचं. तापीच्या पुलाअलीकडे एक पेट्रोल पंप लागतो.

ती एक देठ खुडायची थांबली. "त्या पंपवर बायासना संडास शे का?"

आहे, मी म्हटलं. मागच्या रविवारी मी स्वतः जाऊन पाहून आले. आतून कडी लागते. बादलीत पाणी असतं.

फुईने पुढची मिरची उचलली.